नासिका-ऊतकातील विकरे आणि ‘निर्विषीकरण’ ही संज्ञा : एक चिकित्सा

१. प्रस्तावना

जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र या तिन्ही विषयांच्या पदवी स्तरावरील अध्यापनात एक विधान वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले जाते. शरीरात शिरलेल्या परकीय द्रव्यांचे यकृतातील विकरे निर्विषीकरण करतात, हे ते विधान होय. विधान चुकीचे नाही. परंतु ते दोन ठिकाणी अपुरे आहे. एक म्हणजे हे कार्य यकृतापुरते मर्यादित नाही. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे, म्हणजे या कार्याचा शेवट दर वेळी विष नाहीसे होण्यात होत नाही. सस्तन प्राण्यांच्या नाकातील ऊतकांवर गेल्या सुमारे अर्धशतकात झालेले संशोधन या दोन्ही उणिवा स्पष्टपणे पुढे आणते. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा चिकित्सक आढावा घेतला आहे आणि त्यातून उभा राहणारा प्रश्न नागपूरच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न जितका विज्ञानाचा, तितकाच भाषेचाही आहे. एखाद्या क्रियेला आपण जे नाव देतो ते नाव पुढे आपल्या विचाराची दिशा ठरवते. शास्त्रीय परिभाषेच्या कार्याशी नागपूरचे जुने नाते आहे. डॉ. रघुवीर यांनी १९४६ मध्ये लाहोर सोडून आपली संस्था या शहरात आणली आणि तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या पाठबळाने पारिभाषिक शब्दांची प्रचंड निर्मिती केली. त्यांचे अनेक शब्द रुळले नाहीत, यावर पुष्कळ टीका झाली. परंतु संज्ञा काटेकोर असावी, तिने वस्तूचा एकच अर्थ दाखवावा, हा त्यामागील आग्रह आजही मोलाचा आहे. त्याच आग्रहाने ‘निर्विषीकरण’ या संज्ञेकडे पाहिले असता काय दिसते, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

२. नाकातील विकरांची ओळख

सायटोक्रोम पी-४५० हे नाव एका विकराचे नसून विकरांच्या मोठ्या कुलाचे आहे. कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाल्यावर ही प्रथिने ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतात, यावरून ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांना हे नाव दिले. या विकरांचे मुख्य काम म्हणजे पाण्यात सहज न विरघळणाऱ्या रेणूवर ऑक्सिजनचा एक अणू बसवणे. त्यामुळे तो रेणू पुढील विकरांच्या हाती देण्याजोगा होतो. यानंतर ग्लुक्युरॉनिक आम्ल, ग्लुटाथायोन यांसारखी द्रव्ये त्याला जोडली जातात आणि तो मूत्र किंवा पित्तावाटे बाहेर टाकला जातो.

ही यंत्रणा नाकातही आहे आणि ती नगण्य नाही, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. अमेरिकेतील डाल, हॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कुत्र्याच्या घ्राण-ऊतकातील पी-४५० वर अवलंबून असलेल्या विकरक्रियेची नोंद केली आणि ती नाकातील अर्बुदांच्या उत्पत्तीशी संबंधित असू शकेल, असे सुचवले. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील डिंग आणि कून यांनी सशाच्या नाकातून पी-४५० ची दोन वैशिष्ट्यपूर्ण रूपे शुद्ध स्वरूपात वेगळी केली. त्यांपैकी एक आज सीवायपी २जी१ या नावाने ओळखले जाते. ते जवळजवळ केवळ घ्राण-ऊतकातच आढळते आणि टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन यांसारख्या स्टेरॉइडांवर क्रिया करते.

नाकाच्या पोकळीतील अस्तर एकसारखे नसते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. पुढील आणि खालील मोठ्या भागावर श्वसन-श्लेष्मकला असते. वरच्या व मागच्या भागावर घ्राण-श्लेष्मकला असते. पी-४५० विकरांचे प्रमाण घ्राण-श्लेष्मकलेत अधिक असते. तेथेही ती गंध ओळखणाऱ्या चेतापेशींत नसून प्रामुख्याने त्यांना आधार देणाऱ्या पेशींत आणि बोमन ग्रंथींत असतात. अनेक सस्तन प्राण्यांत प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे पी-४५० चे प्रमाण मोजले असता यकृताखालोखाल घ्राण-श्लेष्मकलेचा क्रमांक लागतो. काही द्रव्यांच्या बाबतीत तर तेथील क्रियेचा वेग यकृतापेक्षाही जास्त भरतो, कारण या विकरांना इलेक्ट्रॉन पुरवणारे रिडक्टेज हे सहविकर तेथे पी-४५० च्या तुलनेत मुबलक असते. याशिवाय कार्बॉक्सिलएस्टरेज, ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज, इपॉक्साइड हायड्रोलेज, ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, सायनाइडवर क्रिया करणारे ऱ्होडॅनेज अशी इतर विकरेही नाकात आहेत.

नाकाला इतक्या सामग्रीची गरज का भासावी? याचे एक उत्तर गंधग्रहणाशी निगडित आहे. गंधाचा रेणू ग्राहकापाशी अडकून राहिला, तर पुढचा गंध ओळखता येणार नाही. त्यामुळे तो त्वरेने दूर करणे आवश्यक असते. वाइझमन संस्थेतील लाझार्ड, लॅन्सेट आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये घ्राण-ऊतकातील ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडणाऱ्या विशिष्ट विकराचे वर्णन करून गंधसंकेत थांबवण्याचे कार्य त्याच्याकडे असावे, असे प्रतिपादन केले. रानडुकरासारख्या प्राण्यांत नराचा मादीला आकर्षित करणारा गंध ॲन्ड्रोस्टेनोन या स्टेरॉइडाचाच असतो, हे लक्षात घेता नाक आणि स्टेरॉइड यांचा संबंध आश्चर्यकारक वाटत नाही. मात्र हे स्पष्टीकरण पूर्ण मानता येत नाही. २००४ मध्ये लहान उंदरांतील सीवायपी २जी१ चे जनुक निकामी करून पाहण्यात आले. घ्राण-ऊतकाची स्टेरॉइडांवरील क्रिया मंदावली. परंतु प्राण्यांची वाढ आणि प्रजनन अडले नाही. विकराचे अस्तित्व सिद्ध होणे आणि त्याचे प्रयोजन सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रयोगाचा धडा आहे.

३. स्टेरॉइडांचा प्रश्न : काय पोहोचले आणि कोणत्या रूपात?

या विषयातील एक महत्त्वाचे भारतीय कार्य डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे आहे. पुढे मुंबईतील परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झालेले आणि १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासमवेत परीक्षानलिका-बालकाच्या जन्माशी निगडित असलेले हे संशोधक. त्याआधी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी एक वेगळीच कल्पना हाती घेतली होती. प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतल्यास आतड्यातून ते प्रथम यकृतात जाते आणि त्याचा मोठा भाग तेथेच रूपांतरित होतो. नाकावाटे फवारा दिला तर हा यकृताचा अडथळा टळेल आणि नाक मेंदूच्या निकट असल्याने अल्प मात्रेतही प्रजननाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रांवर परिणाम साधता येईल, अशी ही कल्पना होती. गर्भनिरोधनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व उघड आहे.

१९७४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या गटाने ऱ्हिसस माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनने खूण केलेले इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन शिरेतून आणि नाकातून देऊन शरीरातील द्रवांत व ऊतकांत किरणोत्सर्ग किती पोहोचतो, हे त्यात मोजले होते. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या लेखात बीजांडकोश काढलेल्या माकडांना प्रोजेस्टेरॉन इंजेक्शन, संथ शिरांतर्गत पुरवठा आणि नासिका-फवारा अशा तीन मार्गांनी देऊन त्याच्या औषधगतीची तुलना करण्यात आली.

या कार्याचे मूल्यमापन करताना पद्धतीचा एक मुद्दा नजरेआड करता येणार नाही. किरणोत्सर्गाची मोजणी ही खुणेची मोजणी असते, रेणूची नव्हे. ट्रिटियमचा अणू मूळ प्रोजेस्टेरॉनवर असो अथवा हायड्रॉक्सिल गट बसलेल्या त्याच्या रूपांतरित अंशावर असो, मोजणी-यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे अशा मोजणीतून ‘काही तरी पोहोचले’ हे सिद्ध होते. ‘प्रोजेस्टेरॉन पोहोचले’ हे सिद्ध होण्यासाठी रेणू स्वतंत्रपणे ओळखावा लागतो. १९७४ मध्ये नाकातील पी-४५० चे स्वरूप ज्ञात नसल्याने ही शंका त्या काळी उपस्थित झाली नाही, यात संशोधकांचा दोष नाही. नाक हे द्वार आहे आणि द्वार वस्तूत बदल करीत नाही, हे गृहीतकच त्या काळी सर्वमान्य होते.

ते गृहीतक थोड्याच वर्षांत डळमळीत झाले. स्वीडनमधील ईव्हा ब्रिटेबो यांनी १९८२ मध्ये उंदरांच्या नाकातील श्लेष्मकला प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर करते, हे दाखवून दिले. १९८४ मध्ये राफ्टर यांच्यासमवेत त्यांनी प्रोजेस्टेरॉन व टेस्टोस्टेरॉन या दोहोंचा अभ्यास प्रसिद्ध केला. यामुळे नासिकामार्गाच्या कल्पनेला धक्का बसला, असे मात्र घाईने म्हणता येत नाही. केंटकी विद्यापीठातील हुसेन यांच्या गटाने १९८१ मध्येच मोठ्या उंदरांना नाकावाटे दिलेले प्रोजेस्टेरॉन शिरेतून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या बरोबरीने रक्तात उपलब्ध होते, असे दाखवले होते. एकीकडे नाकात स्टेरॉइड मोडणारी विकरे आहेत आणि दुसरीकडे नाकातून दिलेले स्टेरॉइड जवळजवळ अबाधित रक्तात पोहोचते, अशा या दोन निष्कर्षांची संगती कशी लावायची?

संगती लागते ती मात्रा आणि काळ या दोन घटकांतून. फवाऱ्याने दिलेल्या औषधाची मात्रा विकरांच्या क्षमतेच्या मानाने मोठी असते. मेदात विरघळणारा स्टेरॉइडाचा रेणू श्लेष्मकलेतून काही मिनिटांत रक्तात जातो. जो उरतो, तो श्लेष्म्याच्या प्रवाहाबरोबर साधारण १५ ते २० मिनिटांत घशाकडे ढकलला जातो. थोड्या वेळात मोठा लोंढा गेला, तर विकरांच्या हाती त्याचा अल्प भागच लागतो. म्हणून औषधशास्त्रज्ञाला नाकातील विकरे गौण वाटली, तर ते समजण्यासारखे आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टेस्टोस्टेरॉनच्या नाकात लावण्याच्या जेलला दिलेली मान्यता पाहता हा मार्ग व्यवहारातही उपयोगी ठरला, असे म्हणावे लागेल.

परंतु हीच विकरे विषशास्त्राच्या दृष्टीने गौण राहत नाहीत. हवेतील विषारी द्रव्य अत्यंत अल्प प्रमाणात, पण प्रत्येक श्वासाबरोबर, वर्षानुवर्षे नाकात येत असते. तेथे विकरांची क्षमता अपुरी पडत नाही आणि काळाचीही टंचाई नसते. येणाऱ्या रेणूंपैकी मोठ्या भागावर क्रिया होण्यास पुरेसा अवसर असतो. एका शास्त्राने ‘दुर्लक्षणीय’ म्हटलेली गोष्ट दुसऱ्या शास्त्रात मध्यवर्ती ठरते, ती या कारणाने. औषधशास्त्राच्या पुस्तकातील निष्कर्ष पर्यावरणशास्त्रात जसाच्या तसा उचलणे त्यामुळे धोक्याचे आहे.

४. निर्विषीकरण की विषसक्रियण?

आता मूळ संज्ञेकडे वळू. नाकातील विकरे खरोखरच रक्षण करतात, याचे उत्तम उदाहरण फॉर्माल्डिहाइडचे आहे. ग्लुटाथायोनवर अवलंबून असलेले एक डिहायड्रोजिनेज त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर घडवून आणते. अमेरिकेतील रासायनिक उद्योगांच्या विषशास्त्र संस्थेने मोठ्या उंदरांना दोन वर्षे फॉर्माल्डिहाइडयुक्त हवेत ठेवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. हवेतील प्रमाण दशलक्षांश २.० असताना नाकाचा कर्करोग एकाही प्राण्यात आढळला नाही, ५.६ ला तो दोन प्राण्यांत आढळला आणि १४.३ ला शंभराहून अधिक प्राण्यांत. प्रमाण अडीचपट वाढले असता परिणाम पन्नासपटींनी वाढावा, याचा अर्थ संरक्षक यंत्रणांना क्षमतेची मर्यादा आहे. त्या मर्यादेपर्यंत विकर आणि श्लेष्मा मिळून बचाव करतात; मर्यादा ओलांडली की पेशींची हानी आणि त्यांची भरपाईसाठी होणारी अतिरिक्त वाढ एकदम बळावते. म्हणजे निर्विषीकरण येथे खरे आहे, पण ते अमर्याद नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात स्थान दिले.

याच्या नेमके उलट उदाहरण डायक्लोबेनिल या तणनाशकाचे आहे. ब्रांट आणि ब्रिटेबो यांच्या गटाने १९९० च्या सुमारास दाखवले, की हे द्रव्य लहान उंदराला नाकातून न देता पोटाच्या पोकळीत टोचले, तरी नाकातील बोमन ग्रंथी मरतात. द्रव्य रक्तातून सर्व शरीरभर फिरते, पण घात मात्र नाकातच होतो. कारण त्याला क्रियाशील घातक रूप देणारे पी-४५० विकर तेथे विपुल आहे. विकराची क्रिया रोखणारे मेटायरापोन आधी दिले, तर ही इजा टळते. येथे विकर पहारेकरी राहत नाही. तेच विष घडवते आणि ज्या पेशीत ते काम करते त्याच पेशीला प्रथम झळ बसते.

एस्टर वर्गातील द्रव्यांची गोष्टही तशीच आहे. रंग, विद्रावके व बहुवारिके यांच्या उद्योगांत वापरली जाणारी अनेक एस्टरे स्वतः फारशी तीव्र नसतात. नाकातील कार्बॉक्सिलएस्टरेज त्यांचे विघटन करून आम्ल तयार करते आणि हे आम्ल ज्या पेशींत निर्माण होते त्यांना इजा पोहोचवते. व्हिनाइल ॲसिटेटपासून तर ॲसिटिक आम्ल आणि ॲसिटाल्डिहाइड अशी दोन्ही द्रव्ये तयार होतात. घ्राण-श्लेष्मकलेच्या आधारपेशींत हे विकर भरपूर असल्याने तेथेच हानी का दिसते, याचा उलगडा होतो.

सर्वांत बोलके उदाहरण सेंद्रिय नायट्राइलांचे आहे. मोठ्या उंदराच्या नासिका-ऊतकातील विकरे या द्रव्यांपासून सायनाइड मुक्त करतात, हे १९८९ मध्ये दाखवण्यात आले. त्याच ऊतकात सायनाइडचे तुलनेने निरुपद्रवी अशा थायोसायनेटमध्ये रूपांतर करणारे ऱ्होडॅनेजही असते. एकाच ऊतकात एक विकर सायनाइड निर्माण करते आणि दुसरे ते आवरते. या संपूर्ण व्यवहाराला ‘निर्विषीकरण’ म्हणणे म्हणजे हिशेबाची केवळ जमेची बाजू वाचण्यासारखे आहे.

मानवाच्या बाबतीत या सक्रियणाचे महत्त्व सीवायपी २ए१३ या विकरावरून कळते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे विकर प्रामुख्याने मानवी श्वसनमार्गात, आणि त्यातही नाकाच्या श्लेष्मकलेत ठळकपणे, आढळते. तंबाखूतील एनएनके या नायट्रोसामाइनाला डीएनएशी बंध जोडणारे रूप देण्यात ते अतिशय कार्यक्षम आहे. एनएनके मुळात निष्क्रिय असते. शरीरातील विकरानेच त्याला घातक बनवावे लागते. २००२ मध्ये या विकराचा एक जनुकीय भेद नोंदवला गेला. त्यात एक ॲमिनो आम्ल बदललेले असते आणि विकराची कार्यक्षमता घटते. ज्याचे हे ‘निर्विषीकरण करणारे’ विकर मंद, तो एनएनकेच्या बाबतीत अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष यातून निघतो. रूढ संज्ञा प्रमाण मानणाऱ्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष उलटा वाटेल. प्रत्यक्षात संज्ञाच उलटी लावलेली आहे.

५. उंदराचे नाक आणि माणसाचे नाक

वरील बहुतेक प्रयोग उंदरांवरील आहेत. त्यांचे निष्कर्ष माणसाला लावताना तीन फरक ध्यानात घ्यावे लागतात.

पहिला फरक रचनेचा आहे. मोठ्या उंदराच्या नाकाच्या अस्तरापैकी सुमारे निम्मा भाग घ्राण-श्लेष्मकलेने व्यापलेला असतो. माणसात हा भाग दहा टक्क्यांहून बराच कमी असतो. उंदराच्या नाकातील हाडांच्या गुंडाळ्या गुंतागुंतीच्या असतात आणि तो केवळ नाकानेच श्वास घेतो. माणूस परिश्रमाच्या वेळी तोंडानेही श्वास घेतो. दुसरा फरक विकरांचा आहे. सीवायपी २जी१ उंदीर व सशात ठळक असले, तरी मानवातील त्याची जनुके कार्य घडवू न शकणाऱ्या उत्परिवर्तनांनी निकामी झाली आहेत, हे २००० मध्ये दिसून आले. म्हणजे स्टेरॉइडांवरील ज्या विकरक्रियेचा अभ्यास सशात सर्वाधिक झाला, ती क्रिया त्या स्वरूपात माणसाच्या नाकात गृहीत धरता येत नाही. याउलट सीवायपी २ए१३ माणसात महत्त्वाचे आहे. तिसरा फरक वर्तनाचा आहे. फॉर्माल्डिहाइडच्या प्रयोगात लहान उंदरांत कर्करोग फारच कमी आढळला. झोंबणारा वायू जाणवताच हे प्राणी श्वासाचा वेग मोठ्या प्रमाणात घटवतात आणि त्यामुळे नाकात पोहोचणारी मात्राच कमी होते, हे त्याचे एक कारण आहे.

या फरकांचा उपयोग दोन परस्परविरुद्ध दिशांनी केला जातो, ही चिंतेची बाब आहे. द्रव्याला मान्यता हवी असलेला पक्ष ‘हे उंदराचे नाक आहे, माणसाचे नव्हे’ असे म्हणून प्रतिकूल निष्कर्ष बाजूला सारतो. निर्बंध हवे असलेला पक्ष उंदरातील आकडे सरळ माणसाला लावतो. विकरांचा अभ्यास या दोन्ही पक्षांना शिस्त लावू शकतो. कोणते विकर हानी घडवते, ते माणसात आहे का आणि असल्यास किती, हे विचारल्यावर चर्चा मतांकडून पुराव्याकडे वळते. सीवायपी २जी१ च्या बाबतीत उत्तर माणसाला दिलासा देणारे येते; सीवायपी २ए१३ च्या बाबतीत ते तसे येत नाही.

६. नागपूरच्या संदर्भात

हवेच्या गुणवत्तेच्या अभ्यासात नागपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित ‘नीरी’, येथे १९५८ मध्ये स्थापन झाली. १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. १९७८ पासून या संस्थेने देशातील दहा शहरांत हवेच्या गुणवत्तेचे मापन सुरू केले. त्यांत नागपूरचा समावेश होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अधिसूचित केलेल्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषक आहेत.

या बारांपैकी बेंझो(ए)पायरीन हे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कोळसा, लाकूड आणि इंधन यांच्या अपुऱ्या ज्वलनातून ते निर्माण होते. त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे एक नॅनोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. ते मूळ रूपात डीएनएशी संयोग पावत नाही. पी-४५० आणि इपॉक्साइड हायड्रोलेज या विकरांनी क्रमाक्रमाने घडवलेले त्याचे रूप कर्करोगकारक ठरते. तेव्हा मानक ठरवताना शरीरातील विकरांचे कार्य अप्रत्यक्षपणे हिशेबात धरले गेलेच आहे. फॉर्माल्डिहाइड मात्र या बारांत नाही. मोकळ्या हवेपेक्षा ते बंद जागेत अधिक साचते, हे खरे. परंतु त्यामुळेच त्याची जबाबदारी संबंधित संस्थांवर येऊन पडते.

लकडगंज हा शहराचा भाग लाकडाच्या व्यापारासाठी आणि आरागिरण्यांसाठी ओळखला जातो. इंग्लंडमधील हाय विकम परिसरात फर्निचर बनवणाऱ्या कामगारांत नाकाचा एक विशिष्ट कर्करोग असाधारण प्रमाणात आढळल्याचे १९६० च्या दशकात लक्षात आले आणि १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घालण्यात आले. आज लाकूडकामात प्लायवूड व दाबून तयार केलेल्या फळ्यांचा वापर मोठा आहे आणि त्या जोडणाऱ्या रेझिनांत फॉर्माल्डिहाइड असते. कामगाराच्या नाकात धूळ आणि वायू एकत्र जातात. श्लेष्म्याचा प्रवाह आणि विकरे या दोन्ही संरक्षक यंत्रणांवर एकाच वेळी ताण येण्याची ही स्थिती आहे.

तपकिरीचा उल्लेखही येथे करावा लागेल. विदर्भात आज खऱ्र्याने तंबाखूसेवनाच्या इतर प्रकारांना मागे टाकले असले, तरी जुन्या पिढीतील नास ओढण्याची सवय अगदीच लुप्त झालेली नाही. तपकिरीतही तंबाखूची विशिष्ट नायट्रोसामाइने असतात. मानवी शरीरात ज्या ऊतकात सीवायपी २ए१३ ठळकपणे आढळते, नेमक्या त्याच ऊतकावर ती ठेवली जाते. ‘धूर नाही म्हणून अपाय नाही’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

शेवटचा संदर्भ आपल्या महाविद्यालयांचा आहे. प्राणिशास्त्र विभागांतील नमुने फॉर्मालिनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या सुमारे ३७ टक्के द्रावणापासून तयार केलेल्या सौम्य मिश्रणात, ठेवलेले असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ मध्ये दिलेल्या सूचनांनंतर पदवी स्तरावरील विच्छेदन मागे पडले, परंतु संग्रहालयातील बरण्या आहेतच. बंद खोलीत काम करणाऱ्या प्रयोगशाळा-परिचराच्या नाकातील विकराला क्षमतेची मर्यादा आहे, हे ज्ञान केवळ परीक्षेसाठी शिकवायचे आणि त्याच खोलीला वायुवीजन द्यायचे नाही, ही विसंगती दूर करणे आपल्या हातात आहे. घट्ट झाकणे, बाहेर हवा फेकणारा पंखा, नमुने हाताळण्यापूर्वी पाण्यात धुणे आणि शक्य तेथे प्रतिकृतींचा वापर या उपायांना मोठा खर्च लागत नाही.

७. समारोप

नासिका-ऊतकातील विकरांवरील संशोधनाने तीन गोष्टी निर्विवादपणे प्रस्थापित केल्या आहेत. नाक हे निष्क्रिय द्वार नाही. तेथील विकरे काही द्रव्यांना निरुपद्रवी आणि काहींना घातक बनवतात. आणि कोणते विकर किती प्रमाणात आहे, हे प्राण्यागणिक व व्यक्तीगणिक बदलते. विकराला विष आणि औषध यांतील भेद कळत नाही. रेणूचा आकार आणि रासायनिक स्वभाव जुळला की ते आपली क्रिया करते. परिणाम हितकर की अहितकर, हे द्रव्य, मात्रा, काळ आणि ऊतक यांवरून ठरते. स्टेरॉइडाच्या औषधी फवाऱ्यात जे विकर नगण्य ठरते, तेच विकर वर्षानुवर्षांच्या श्वासात निर्णायक ठरू शकते.

म्हणून परिभाषेच्या पातळीवर एक सुचवावेसे वाटते. परकीय द्रव्यावर किंवा स्टेरॉइडावर विकराने घडवलेल्या बदलासाठी ‘जैवरूपांतरण’ ही तटस्थ संज्ञा वापरावी. त्या बदलाने अपाय घटला असे सिद्ध झाले असेल तेथेच ‘निर्विषीकरण’ म्हणावे आणि अपाय वाढला असेल तेथे ‘विषसक्रियण’ म्हणावे. पाठ्यपुस्तकात हा एवढा फरक केला, तरी विद्यार्थ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील : रूपांतर झाले, पण कशात? नीरीसारखी संस्था, वैद्यकीय महाविद्यालये आणि औषधनिर्माणशास्त्राचा विद्यापीठीय विभाग एकाच शहरात असताना हा प्रश्न नागपुरातील वर्गखोलीतून संशोधनाकडे जाण्यास फार मोठे अंतर नाही. अंतर आहे ते विषयाविषयांमधील भिंतींचे. हवा मोजणारा, औषध घडवणारा आणि विकर शिकवणारा हे तिघे आज आपापल्या विभागात स्वतंत्रपणे काम करतात. नाकाच्या बाबतीत मात्र तिघांचाही अभ्यासविषय एकच आहे.